कॅसेटची दुसरी बाजू : न गाजलेली गैरफिल्मी गाणी सुचवा

बी_साईड

'ओ सनम', 'मेड इन इंडिया', 'डूबा डूबा' ऐकलं नाही असा माणूस माझ्या वयाच्या लोकांत शोधून सापडायचा नाही. पण ही गाणी ज्या कॅसेटींवर होती त्यांवर आणखीही बरीच गाणी होती. त्यांचं काय झालं?

माझं उत्तर सरळ आहे. कंपन्या एका अल्बममधल्या एका, फार तर दोन गाण्यांच्या व्हिडिओवर पैसे घालायच्या. १९९४ मध्ये चॅनल व्ही आलं, १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया, आणि तेच व्हिडिओ दिवसभर फिरत राहिले. ज्याला व्हिडिओ मिळाला ते गाणं तरलं, बाकीची तिथेच बुडाली. सिनेमातलं बारकंसं गाणंही सिनेमा टीव्हीवर लागला की पुन्हा कानावर पडतं, विविध भारतीवर त्याची फर्माईश येते. गैरफिल्मी गाण्याला असा कुणी वाली नव्हता. चांगली गाणी केवळ त्यामुळे गेली याची मला मनापासून हळहळ वाटते.

तर इथे ती गोळा करू. साधारण १९७० ते २०१० मधली. भाषा कुठलीही चालेल, फक्त सिनेमातलं नको. आग्रह एकच : नुसती नावं टाकू नका. गाण्यात कान कुठे लावायचा ते सांगा, म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी मिळेल.

पहिलं माझं. लकी अलीच्या 'सुनो'मधलं (१९९६) 'तुम ही से'. 'ओ सनम'च्या व्हिडिओतले पिरॅमिड सगळ्यांना आठवतात, पण त्या अल्बमची खरी करामत त्याच्या ध्वनीत आहे. संयोजन मिकी मॅकक्लेअरी या न्यूझीलंडच्या संगीतकाराचं. तेव्हा आपल्याकडे गाण्यात जागा मोकळी सोडायची नाही अशीच रीत होती. व्हायोलिनचा ताफा, कोरस, ढोलक, सगळं खच्चून भरायचं. इथे वाद्यं मोजकी, आणि मधे भरपूर हवा. लकी अलीचा गळा कमावलेला नाही, वर गेला की विरतो. तो शब्द तालावर आपटत नाही, किंचित मागून आणून ठेवतो. हेडफोन लावून ऐका.

अबोली

मस्त विषय. पण व्हिडिओचं तुमचं गणित मला पुरतं पटत नाही.

शुभा मुद्गल म्हटलं की लोक 'अब के सावन' (१९९९) म्हणतात. संगीत शंतनू मोइत्रा, शब्द प्रसून जोशी. याच दोघांनी पाठोपाठ त्यांच्यासाठी 'मन के मंजीरे' केलं. त्याला व्हिडिओ होता, आणि काय व्हिडिओ होता! मीता वशिष्ठ ट्रक चालवते आहे, मागे बायका बसल्या आहेत. अहमदाबादच्या एका बाईच्या खऱ्या आयुष्यावर ते बेतलेलं होतं : नवऱ्याचा जाच सोडून ती बाहेर पडली आणि गाडी चालवून पोट भरू लागली. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ब्रेकथ्रू या संस्थेने तो सगळा अल्बम काढला होता. टीव्हीवर तो लागायचाही. तरी आज दहा जणांना विचारलं तर सावनवालं गाणं दहाही जण सांगतात, मंजीरेवालं एखादीच.

मला वाटतं गाण्याला वर्षात स्वतःचा असा एक दिवस लागतो. पहिला पाऊस पडला की 'अब के सावन' आपोआप लागतं. घर सोडून निघालेल्या बाईच्या गाण्याला कुठला सण, कुठली वरात?

कान कुठे लावायचा : शुभाताई इथे ख्याल गाणाऱ्या गळ्याची ताकद दाखवायला जात नाहीत. आवाज जाड, मोकळा, रस्त्यावरचा ठेवतात आणि ओळीच्या शेवटी एकदम छातीतून सोडतात. त्या सोडण्यात सगळं गाणं आहे.

बी_साईड

अबोली, हा मुद्दा जोडून घेतो. व्हिडिओ आणि निमित्त, दोन्ही हवं. नाझिया हसनचंही तसंच झालं आहे. 'डिस्को दीवाने' (१९८१) पार्टीत वाजतं म्हणून टिकलं. त्याच अल्बममधलं 'लेकिन मेरा दिल' नाचायला उपयोगाचं नाही, म्हणून ते गेलं. अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांचीही धड नव्हती. ठेका थोडा बाजूला सारून नुसत्या आवाजाकडे लक्ष द्या : नाकातून आल्यासारखा, सपाट, लाडिक न होणारा. संगीतकार बिद्दूने तो आवाज सजवला नाही हे त्याचं मोठेपण. बंगळूरचा हा माणूस लंडनला जाऊन १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग'चा निर्माता झाला, आणि वीस वर्षांनी 'मेड इन इंडिया'चा संगीतकार. नाझिया २००० साली पस्तिशीतच गेली.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. रेमो फर्नांडिसला बाकीचा भारत सिनेमातल्या गाण्यांमुळे ओळखतो. आमच्यासाठी रेमो म्हणजे 'गोअन क्रेझी', १९८४.

तो अल्बम कसा झाला हे नीट सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. शिवोलीच्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्याने तो ध्वनिमुद्रित केला. चार ट्रॅक म्हणजे एका वेळी चारच गोष्टी. मग करायचं काय? तीन ट्रॅकवर, समजा, गिटार, बेस आणि ताल घ्यायचा. ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे. आता पहिले तीन पुसून पुन्हा वापरायला मोकळे. त्यांवर बासरी, दुसरा आवाज, तिसरा आवाज. असं एकावर एक. यात मेख अशी की एकदा मिसळलं ते मिसळलं. नंतर बेस थोडा कमी करू म्हटलं तर जमत नाही. आणि दर वेळी टेपची खरखर थोडी वाढते. म्हणजे पहिलं वाद्य वाजवतानाच शेवटचं गाणं डोक्यात पूर्ण ऐकू यावं लागतं. रेमो वास्तुशास्त्र शिकलेला, मुंबईच्या जे.जे.मध्ये. आधी पूर्ण आराखडा आणि मगच वीट हे त्याच्या अंगात असणारच.

कॅसेटी तयार झाल्यावर तो त्या पिवळ्या स्कूटरवर घालून स्वतः दुकानोदुकानी पोचवायचा. कुठली बडी कंपनी नाही, व्हिडिओ नाही. गावोगावच्या दुकानांतून तो आवाज घराघरात गेला.

त्यानंतरच्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये (१९८६) 'डाउन विथ ब्राउन' ऐका. किनाऱ्यावर ब्राउन शुगर येऊन पोरं हातची जात होती, तेव्हाचं हे गाणं. इथल्या माणसाने इथल्या माणसांशी केलेलं ते बोलणं आहे. ते आजही ऐकवत नाही इतकं खरं आहे.

रानजाई

मांडवीतीर, रेमो आला तर लॉर्ना यायलाच हवी.

मांडवीतीर

येतेच आहे. ख्रिस पेरी आणि लॉर्ना कोर्देरो. मुंबईकरांनी हे ऐकायला हवं, कारण हे जितकं गोव्याचं तितकंच चर्चगेटचं संगीत आहे. साठच्या दशकाच्या शेवटी चर्चगेटच्या रस्त्यावर हॉटेलांत रोज रात्री जॅझ चालायचं. वाजवणारे बहुतेक गोंयकार. दिवसा हेच लोक सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन नि ट्रम्पेट वाजवायचे. ख्रिस पेरी मडगावचा, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा. लॉर्ना मुंबईची पोर. तिच्या आवाजासाठी त्याने कोंकणी गाणी बांधली : 'बेबदो', 'पिसो', 'नाचुंया कुंपासार'.

गोव्यात ती लग्नात अजून वाजतात. पण त्यापलीकडे कुणाला माहीत आहेत? २०१५ मध्ये 'नाचुंया कुंपासार' याच नावाच्या बार्द्रोय बार्रेतो यांच्या कोंकणी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात पेरीचीच गाणी आहेत, तेव्हा थोडी चर्चा झाली. (गाणी सिनेमाच्या कितीतरी आधीची, म्हणून धाग्याच्या नियमात बसतात.)

'बेबदो' ऐका. दारुड्याबद्दलचं गाणं. लॉर्नाचा आवाज आधी नुसता तक्रार करतो, मग कर्कश होतो, मग त्याला तडा जातो, आणि तो तडा ती लपवत नाही. मागे ब्रास तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देते. पेरीपासून दुरावल्यावर ती जवळजवळ वीस-बावीस वर्षं गायलीच नाही, १९९५ मध्ये परतली. त्या मधल्या वर्षांत आपण काय काय गमावलं याचा विचार केला की पोटात तुटतं.

मंद्रसप्तक

मी एक वेगळीच गोष्ट आणतो. चरणजित सिंग, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२, एचएमव्ही. यात गाणारं कुणी नाही, त्यामुळे 'गाणी' म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणारे कलाकार. त्यांनी तेव्हा नवीकोरी असलेली तीन जपानी यंत्रं घेतली : तालासाठी रोलँड टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३, आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८ सिंथेसायझर. आणि त्यांवर दहा राग वाजवले. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्ड चालली नाही. डिस्को ऐकणाऱ्याला त्यात गाणं सापडेना, राग ऐकणाऱ्याला ते यंत्र नको.

आता गंमत बघा. टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं. खऱ्या बेससारखं ते अजिबात वाजत नसे, त्यामुळे बाजारात पडलं. पण त्यात एक सोय होती : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. आपल्या भाषेत मींड. हार्मोनियमवर मींड निघत नाही, साध्या कीबोर्डवर निघत नाही, या यंत्रावर निघते. चरणजित सिंगांनी ती बरोबर हेरली. भैरवच्या तुकड्यात बेसकडे कान द्या : सूर नुसते एकापुढे एक येत नाहीत, एकमेकांत ओढले जातात. कोमल ऋषभ आणि कोमल धैवत यांच्याभोवतीची ती ओढ हाच तर भैरव.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या काही पोरांनी हेच पडेल यंत्र स्वस्तात घेऊन त्यातून चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला आणि ॲसिड हाऊस नावाचा यांत्रिक नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा युरोपातले लोक चक्रावून गेले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला मग तिकडून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

नाईट_शिफ्ट

बापरे, हे आत्ताच लावलं. कलावती ऐकतोय. म्हणजे ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला असं म्हणायचं का?

मंद्रसप्तक

तसं म्हणायचा मोह होतो, पण म्हणू नये. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. तिथून इथे किंवा इथून तिथे काही गेलं नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांतून, जवळपासचा ध्वनी निघाला. चरणजित सिंगांना नाचाच्या ठेक्यावर राग बसवायचा होता, तेवढंच. 'पहिले आम्ही' हा शिक्का मारला की लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि रेकॉर्ड ऐकतच नाहीत. यमन ऐक शेवटी. रात्रपाळी असेल तर मालकंस.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मंद्रसप्तक यांचं वाचून लिहावंसं वाटलं, कारण बाहेर गाजलेला आणि घरी अनोळखी असा आणखी एक आवाज मुंबईचाच आहे : आशा पुथली.

मुंबईत वाढलेली ही बाई. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी दोन गाणी गायली. जॅझ ऐकणाऱ्यांना सांगायला नको, कोलमनबरोबर गाणं म्हणजे काय. पायाखाली ठरलेली स्वरपट्टीच नाही. तिथे तिला आपली तालीम उपयोगी पडली असणार असं मला वाटतं, कारण ती त्या गोंधळात स्वतःचा षड्ज धरून उभी आहे. मग १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज', जर्मनीत केलेला. त्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या डिस्को मंडळींनी डोक्यावर घेतलं, आणि वीस वर्षांनी नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात त्याचा तुकडा उचलला गेला. इथल्या तिशीतल्या पोरांना तो तुकडा ओळखीचा असतो, आवाज कुणाचा ते ठाऊक नसतं.

ऐकताना : ती जवळजवळ कुजबुजते. माईकच्या अगदी जवळ, श्वासासकट. आणि त्या कुजबुजीतून एकदम वर उडी मारते, सप्तकभर.

दुसरी शीला चंद्रा. १९८२ मध्ये मान्सून या तिच्या बँडचं 'एव्हर सो लोनली' ब्रिटनमधल्या खपाच्या गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. पॉप गाण्यात सतार आणि तबला, आणि गाणारी शाळकरी वयाची ब्रिटिश भारतीय मुलगी. भारतात त्या वर्षी कुणी ऐकलं असेल? पण माझं मन तिच्या नंतरच्या 'स्पीकिंग इन टंग्ज'वर आहे. वाद्य काही नाही, नुसते तोंडाने म्हटलेले बोल. सुरुवातीला ते शिस्तीत येतात, मग हळूहळू त्यांत कुजबूज मिसळते, मग भाषा कुठली तेच कळेनासं होतं. पुढे तोंडाची आग होणाऱ्या एका दुखण्यामुळे तिला गाणंच सोडावं लागलं.

आणि कॅलगरीत १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला रूपा बिस्वास यांचा 'डिस्को जॅझ'. सरोदवर आशिष खान! 'आज शनिबार' हे बंगाली गाणं त्यात आहे. तेव्हा खपलं नाही, इंटरनेटवर लोकांनी शोधून काढलं, २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं. सरोद आणि गिटार एकमेकांना जागा करून देतात ते ऐका.

कोकणकडा

सगळं छान चाललंय, पण मराठीत काही झालंच नाही का?

नंदू भेंडे! आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, घरात मराठी रंगभूमी, आणि हा पठ्ठ्या इंग्रजी रॉक गायचा. व्हेलवेट फॉग नावाच्या बँडमध्ये होता. ॲलिक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास त्याने केला. मग १९७८ मध्ये पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, थिएटर अकॅडमी. त्यात प्रत्येकाच्या गाण्याचा पोत वेगळा : कुणी नाट्यसंगीत, कुणी लावणी, कुणी कव्वाली, आणि नंदूचं रॉक. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर ओढूनताणून न बसवता बसतात हे तिथे कळलं. आपल्या भाषेत शब्दाचा शेवट बरेचदा व्यंजनावर तुटतो, लांब धरता येत नाही. तो त्या तुटण्याचाच ठेका करतो. २०१४ मध्ये तो गेला. त्याच्या नावावर मराठीत अख्खी परंपरा उभी राहायला हवी होती, ती राहिली नाही.

'गारवा' (१९९८) सगळ्यांना माहीत आहे, सौमित्र आणि मिलिंद इंगळे. पण माहीत म्हणजे शीर्षकगीत. 'पाऊस दाटलेला' किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलंय? त्या कॅसेटमध्ये गाण्याआधी सौमित्रचं बोलणं यायचं, आणि लोक तेच पाठ करून कॉलेजच्या गॅदरिंगला म्हणायचे. 'पाऊस दाटलेला'मध्ये मिलिंद इंगळे आवाज मुद्दाम खाली ठेवतात. भावगीतात असतो तसा प्रत्येक शब्दाला गोंजारण्याचा प्रकार नाही.

सांजवात

कोकणकडा, नंदू भेंड्यांचं वाचून फार बरं वाटलं. पण मराठी पॉप म्हणताना फक्त गिटारवाले का मोजायचे? ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात सर्वांत जास्त वाजणाऱ्या कॅसेटी कुणाच्या होत्या? प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप. लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं, गल्लीत, लग्नात, रिक्षात वाजलेलं संगीत म्हणजे पॉप नाही तर काय? 'जवा नवीन पोपट हा' तेवढं आठवतात आणि बाकीचं 'ती तसली गाणी' म्हणून बाजूला सारतात.

भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी ऐका. त्यात बेंजो असतो, बटणं दाबून तारा छेडायचा तो. त्याचा आवाज पत्र्यासारखा कडक, भोंग्यातूनही आरपार जाणारा. म्हणून तर तो निवडला गेला. मैदानावर, हजारोंच्या गर्दीत, साध्या कर्ण्यातून ऐकू गेला पाहिजे. आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज वरच्या पट्टीत न थरथरता उभा राहतो, मग कोरस ओळ उचलतो. विठ्ठल उमपांचा आवाज तर कोळीगीतात एक, पोवाड्यात दुसरा, गझलेत तिसरा. २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांनी देह ठेवला. हे संगीत कुठल्याही 'विसरलेली रत्नं' छापाच्या यादीत येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोकणकडा

सांजवात, शंभर टक्के मान्य. आमच्या वाडीत गणपतीत हेच वाजायचं. तुमच्याकडे नावानिशी कॅसेटी असतील तर इथे टाकाच.

सांजवात

शोधून टाकते. तोवर शहरी बाजूची एक. 'दिल पडोसी है', १९८७. गुलजार, आर. डी. बर्मन, आशाबाई. सिनेमा नाही, नायिका नाही, तिघांनी स्वतःसाठी केलेलं काम. तेव्हा पंचमला सिनेमे मिळेनासे झाले होते, आणि ज्याला सगळे संपलेला समजत होते तो इथे बघा काय करतोय. 'भीनी भीनी भोर'मध्ये पहाटेचा राग, आणि त्याच अल्बममध्ये 'रात ख्रिसमस की थी'! 'झूठे तेरे नैन' बंदिशीसारखं सुरू होतं आणि आशाबाई त्यात रुसवा असा काही आणतात की शब्द बाजूलाच राहतात. निर्मात्याची घाई नसली की तो किती निवांत बांधायचा हे या अल्बमवरून कळतं.

याच जातकुळीचा भूपिंदर यांचा 'वो जो शायर था', १९८०, शब्द गुलजार यांचे. गझलेच्या अंगाच्या गाण्यात गिटार, बेस, ड्रम्स. 'दम मारो दम'ची गिटार ज्या हातांची, तेच हात इथे स्वतःच्या आवाजाला साथ करतात. भूपिंदरचा आवाज घोगरा म्हणून नायकांना फारसा दिला गेला नाही. त्या घोगरेपणाला शोभणारं घर इथे आहे.

नाईट_शिफ्ट

एक व्यवहारी प्रश्न. आमच्याकडे माळ्यावर खोकंभर कॅसेटी आहेत. यातलं बरंच ऑनलाइन नाही. संगणकावर उतरवायच्या तर आवाज पार दबलेला येतो. टाकून द्यायच्या का?

मंद्रसप्तक

अजिबात टाकू नकोस! आवाज दबण्याची बहुतेक वेळा दोन कारणं असतात आणि दोन्ही घरी सुधारता येतात.

एक, कॅसेटच्या मधल्या खिडकीत पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुना गोंद वाळून तो गळून पडतो आणि वरचे सूर गायब होतात. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघड, दुसऱ्या निकामी कॅसेटमधली पट्टी काढून बसव. चिकटवलेली असेल तर टेपची दोन्ही चाकं उचलून दुसऱ्या खोक्यात घाल.

दोन, हेडचा कोन. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसाएवढा फिरवत राहा. एका जागी झांज आणि 'स'कार एकदम उजळतात. तिथे थांब. प्रत्येक कॅसेटला ही जागा थोडी वेगळी, कारण ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याचा कोन वेगळा होता. आधी हेड स्पिरिटने पूस, आणि उतरवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घे.

आणि पहिल्यांदा दुसरी बाजू उतरव. ती कमी वाजलेली असते, त्यामुळे कमी झिजलेली असते.

बी_साईड

मंद्रसप्तक, दुसऱ्या बाजूचं वाचून फार आनंद झाला. धाग्याचं नाव सार्थकी लागलं.

रानजाई

हा सगळा प्रकार संपला कसा, यावरही कुणी लिहा ना. माझ्या मते रीमिक्सने मारलं. २००२ मध्ये 'काँटा लगा' आलं आणि कंपन्यांना कळलं की नवीन गाणं बांधायची गरजच नाही.

बी_साईड

रीमिक्स हे एक कारण, पण मोठं कारण मला दुसरंच वाटतं. गळे सिनेमाने नेले. केके बघा. जाहिरातींच्या जिंगल्स गाऊन आलेला माणूस, १९९९ मध्ये 'पल' केला, लेस्ली लुईस यांचं संगीत. त्यातली 'पल' आणि 'यारों' कॉलेजच्या निरोप समारंभात अजून गातात. पुढचा अल्बम 'हमसफर' यायला २००८ उजाडलं. मधली सगळी वर्षं सिनेमाची. मोहित चौहानचं उलट : सिल्क रूटचा 'बूँदें' १९९८ मध्ये आला, 'डूबा डूबा' गाजलं, दुसरा अल्बम 'पहचान' आला नि विरला, बँड फुटला, आणि 'जब वी मेट'च्या 'तुम से ही'पर्यंत हा आवाज बहुतेकांच्या लेखी नव्हताच. सिनेमाने त्यांना पैसा आणि नाव दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिनेमात गायक दुसऱ्याच्या तोंडचं गातो. 'पल'मधलं 'महकी हवा' ऐका आणि मग केकेचं कुठलंही सिनेगीत ऐका. 'महकी हवा'मध्ये त्याला कुठल्या नायकाचा चेहरा सांभाळायचा नाही, आवाज हवा तसा सैल सोडलाय.

वसईचाकिल्ला

उशिरा आलो, पण एक गाणं टाकल्याशिवाय जाववत नाही. रब्बी शेरगिल म्हटलं की 'बुल्ला की जाणा'. २००८ मध्ये त्याचा 'आवेंगी जा नहीं' आला, त्यात 'बिल्किस' आहे. साहिरच्या 'जिन्हें नाज़ है हिंद पर'चा धागा पकडून लिहिलेलं. प्रत्येक कडव्यात एक माणूस स्वतःचं नाव सांगतो : बिल्किस बानो, महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारा सत्येंद्र दुबे, पेट्रोलमधली भेसळ पकडणारा मंजुनाथ. आणि नवलीन कुमार.

शेवटचं नाव आमच्या भागातलं. आदिवासींच्या जमिनी बळकावल्या जात होत्या त्याविरुद्ध ही बाई लढली आणि २००२ मध्ये नालासोपाऱ्यात तिचा खून झाला. आज इथे लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत तिचं नाव किती जणांना माहीत असेल? पंजाबी वळणाच्या एका गायकाने ते गाण्यात घातलं.

गाणं रडवेलं नाही, हे महत्त्वाचं. गिटार एकसारखी चालत राहते, आवाज माहिती देतो तसा नाव-गाव सांगतो, आणि राग फक्त ध्रुवपदात येतो. अबोलींनी वर लिहिलंय की गाण्याला वर्षात एक दिवस लागतो. आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही हे जूनमध्ये लावतो, नवलीनच्या स्मृतिदिनाच्या आसपास.

अबोली

वसईचाकिल्ला, हे गाणं मला माहीतच नव्हतं. आत्ता दोनदा ऐकलं. जूनमध्ये तुमच्या कट्ट्याला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का? 'मन के मंजीरे' घेऊन येते.

वसईचाकिल्ला

ताई, जरूर या. स्पीकर आमचा, गाणी तुमची.